ऊन, दर्जा ब

हॅलिफॅक्सच्या टेकडीवर तीन हजार आरसे आहेत.
त्यातले एकशे चाळीस मी पुसते.
झुबैदा आजारी पडली की तिचेही माझ्याकडे.
फडकं कंपनीचं, पाणी मोजून,
थुंकी मात्र आपली.
पक्ष्यांची शीट नुसत्या पाण्यानं निघत नाही.

ऊन इथे मुळातच थोडं.
आभाळ बाराही महिने ओल्या घोंगडीसारखं,
त्यातून जे काही गळतं ते आरसे धरतात
आणि पाठवतात वर, लार्कहिलच्या बंगल्यांकडे.
दर्जा अ. सकाळी आठ ते दुपारी तीन.
गुलाबांना, पोहायच्या तलावाला,
आणि एका म्हाताऱ्या कुत्र्याला,
ज्याचे सांधे दुखतात असं करारातच लिहिलंय.

खाली नदीकाठच्या गल्ल्यांना दर्जा ब.
म्हणजे भिंतीवरून परत आलेलं,
कुणीतरी आधी वापरून झालेलं.
मंगळवारी वीस मिनिटं.
कूपन दाखवायचं, खिडकी उघडायची.

सूर्य काय कुणाच्या बापाचा आहे, असं आम्ही म्हणायचो.
आता बाप सापडलाय.
त्याचं ऑफिस लीड्सला आहे,
सोमवार ते शुक्रवार.

मनगटावर पट्टा. हात थांबला की तो गुणगुणतो.
हातच्या कांकणाला आरसा कशाला –
किती सहज बोलून गेली माझी भाषा!
कांकण कंपनीचं,
आरसे तीन हजार,
आणि 'कशाला' हे लिहायला
फॉर्मवर रकाना नाही.

आरशात स्वतःकडे बघायचं नाही, नियम सातवा.
तरी दिसतंच:
लाल झालेलं नाक, टोपीतून सुटलेली बट.
रोज एकशे चाळीस वेळा
मी मला ओलांडून पुढे जाते.

मार्चमधल्या एका गुरुवारी
एकोणनव्वद नंबरचा स्क्रू सैल होता.
हे मी लिहून द्यायला हवं होतं.
मी आरसा ढकलला.
बोटभरच.
ऊन उतारावरून घरंगळत गेलं,
गिरणीच्या बंद धुरांड्याला घासून
थेट एनिड हॉर्सफॉलच्या स्वयंपाकघरात.

वरून सगळं दिसत होतं.
टेबलावर पिवळं मेणकापड, किटली,
भिंतीवर बुरशीनं काढलेला नकाशा,
आणि हवेत धूळ,
सोन्यासारखी वगैरे नाही, धुळीसारखीच,
पण काय नाचत होती!
बाई उठल्या.
मला वाटलं, शेकोटीपुढे धरतात तसे हात धरतील.

त्यांनी पडदा ओढला.
मग दुसरा. मग फटीत टॉवेल खोचला.
बिल येईल म्हणून.
गल्लीतल्या अकरा खिडक्या एकामागून एक मिटल्या,
जशा काही मी गारा पाठवल्या होत्या.

पट्टा गुणगुणला. आरसा जागेवर.
चार मिनिटं, असं नंतर कागदावर आलं.
पगारातून कापले: कुत्र्याची नुकसानभरपाई.
एनिडबाईंना नोटीस, विनापरवाना उजेड स्वीकारल्याची.
त्यांनी पुरावा म्हणून पडद्यांचा फोटो जोडला.
सुटल्या.

झुबैदा म्हणाली, पोटावर पाय येईल तुझ्या.
बोगदान काहीच बोलला नाही.
पण त्याच्या रांगेतले स्क्रू
हल्ली वाऱ्यात फार कुरकुरतात.

परवा बाजारात एनिडबाई दिसल्या.
त्या मला ओळखत नाहीत.
गाजरं निवडता निवडता, आवाज खाली आणून,
भाजीवालीला सांगत होत्या:
"नऊ वर्षं मी ते करडं समजत होते.
पिवळं आहे गं,
माझं मेणकापड पिवळं आहे."

मी दोन गाजरं घेतली.
हात जरा जास्तच वेळ थांबला असावा.
पट्टा गुणगुणत राहिला.